लोकांची वस्तू

नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले नसतील, तेवढ्यात सकाळच्या गाडीत भागूबाईच्या पाटीचं पाणी गळलं. फार नाही, वाटीभर. पण ते नेमकं कुणा मास्तरांच्या पिशवीखाली गेलं. कंडक्टरने घंटी ओढली आणि गाडी चढावावर मधेच उभी राहिली.

"मावशी, उतरा. उद्यापासून मासळी घेऊन चढू नका. रोज रोज लोकांची बोलणी मी खायची काय?"

भागूबाई पाटीसकट उतरली. गाडीतल्या कुणी हात लावला नाही, नाकाला रुमाल मात्र चौघांनी लावले. दाभोळ बंदरावरून वरच्या गावाला जायचं म्हणजे आधी खडा चढ आणि मग मैलभर तापलेला कातळाचा सडा. तिने पाटी डोकीवर घेतली, चालत गेली, पेडवे विकले आणि परत आली ती मान एका बाजूला धरून. दुसऱ्या दिवशी डावीकडचा तांब्या उचलायला तिला अख्खं अंग वळवावं लागलं. दापोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणके झिजलेत म्हणाले आणि डोक्यावरचं ओझं बंद करा म्हणून सांगितलं.

"डोक्यावर नाय तर कुठं घेऊ, काखेत?" भागूबाईने विचारलं. 

घरात खाणारी तोंडं चार. मुलगा निहार हर्णैला ट्रॉलरवर खलाशी, अमावास्येला आला तर आला. सून वैष्णवी, पोफळी गावच्या सरकारी कॉलनीत वाढलेली, घराबाहेर पडायला नेहमी तयार. आणि भागूबाईचा नवरा दाजी.

दाजीबद्दल जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. बंदरात त्याच्याइतकं होड्यांना तेल पाजलेला माणूस दुसरा नव्हता. हे तोच सांगायचा, पण खोटं नव्हतं. लाकडी होड्या होत्या तोवर मे महिन्याच्या अखेरीला त्या वर ओढल्या की दाजीचं राज्य सुरू होई. मुशी माशाच्या काळजाचं तेल कढवायचं, तेलात भिजवलेला कापूस फळ्यांच्या फटीत ठोकून बसवायचा, वरून रंग द्यायचा. कापूस पाण्यात फुगतो, फट धरून ठेवतो, आणि समुद्र बाहेरच राहतो. शेवटी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, होडीचं नाव लिहायचं. बंदरातली झाडून सगळी नावं दाजीच्या हातची होती. मग फायबरच्या होड्या आल्या. फायबरला तेल नको, कापूस नको, आणि नावं चिपळूणहून छापून येतात, मागचा कागद सोलायचा की चिकटली. दाजी पडवीत बसून जाळी विणू लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देऊ लागला. जाळी खपत होती. सल्ल्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

भागूबाईची मान धरल्याचं कळलं तशी शेजारची हफीजा आली. तिचं घर रस्त्याला लागून, पुढे लांब पडवी. नवरा अयूब कुवेतला टगबोटीवर, दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. एकुलती मुलगी झरीन लग्न होऊन मस्कतला गेली त्याला चार वर्षं झाली होती. या दोन घरांत भांड्यांची इतकी ये-जा होती, की कुठलं पातेलं कुणाचं हे आता कुणी विचारत नसे. नेम एकच, भांडं रिकामं परत जायचं नाही. काही नसलं तर चार आमसुलं घालायची, पण घालायची.

"झरीनची सायकल उभी हाय," हफीजा म्हणाली. "वैष्णवीला येते ना चालवता? मग घेऊन जा. मी मेली रोज पुसत बसते तिला. पुसून काय मिळतंय? रस्त्यावर तरी दिसेल." उठता उठता पुढे म्हणाली, "जपा हा."

माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. दाजीने शेवटचे दोन शब्द ऐकले.

सायकल मोरपंखी रंगाची, लेडीज. दहा वर्षांपूर्वी अयूबने सुट्टीवर आल्यावर घेतलेली. पुढच्या तिरक्या दांड्यावर पांढऱ्या जाड अक्षरांत लिहिलं होतं, झरीन. तेही दाजीनेच लिहिलेलं. तेव्हा चौदा वर्षांची झरीन त्याच्यासमोर उकिडवी बसून होती. "दाजीचाचा, होडीसारखं लिहा. लांबून वाचता आलं पाहिजे." दाजीने एका होडीचा उरलेला पांढरा रंग ढवळला आणि 'झ'ला नांगरासारखा गोल काढला. आता ती होडी मोडून सरपणात गेली होती. दाजीच्या हातचं एवढं एकच नाव बंदरात शिल्लक होतं. हे तो कुणाला बोलला नव्हता, पण सायकल अंगणात आली तेव्हा त्याने पहिला हात त्या नावावरून फिरवला.

वैष्णवीची फेरी सुरू झाली. पहाटे बंदरावरून मासळी घ्यायची, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बर्फ घालून मागच्या कॅरिअरवर रबरी पट्ट्याने आवळायची, आणि सात वाजता निघायचं. हफीजाच्या पडवीपाशी आली की ती घंटी वाजवायची. हफीजा चहाचा कप घेऊन उभीच असायची. वैष्णवी चढावापर्यंत पायडल मारायची, चढावावर उतरून ढकलायची, पोटऱ्या भरून यायच्या. पण डोकं मोकळं होतं आणि दुपारी बाराला ती घरी येऊन जेवायला बसत होती.

आणि बाराला दाजी सायकल तपासायला बसत होता. एखाद्या बैलाचे खूर बघावेत तसा तो वाकून वाकून बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याला सापडलं. मागच्या नळीवर बोटभर लांबीचा पांढरा चरा.

"हे काय?"

"गडग्याला टेकवली होती, मामा. जांभ्याचा दगड लागला." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"आणि हे?" तिरक्या दांड्याच्या खालच्या बाजूला तीन बारीक टवके उडाले होते.

"सड्यावरची खडी. पुढच्या चाकानं उडते. मी काय करू त्याला?"

वैष्णवीने त्याच संध्याकाळी निळ्या नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक टवक्यावर एकेक ठिपका दिला. कॉलनीतल्या पोरी असंच करायच्या म्हणाली. टवका बुजला की हवा लागत नाही, हवा नाही की गंज नाही. मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळी सायकल पुसली आणि कोरडी केली. दाजी बघत राहिला.

"नखं रंगवायची बाटली," तो भागूबाईला म्हणाला. "सायकल काय नवरी हाय? खारं पाणी कशानं थोपवायचं ते चाळीस वर्षं मी केलंय. कालची पोरगी मला शिकवते."

त्याला राग आला होता, आणि रागाच्या खाली आनंदही झाला होता. कितीतरी वर्षांनी एक वस्तू त्याच्या विद्येची वाट बघत समोर उभी होती.

माळ्यावर मुशीच्या तेलाचा जुना डबा होता. बुडाला चार बोटं काळपट तेल उरलं होतं. दाजीने आपली जुनी लुंगी फाडली, पट्ट्या केल्या, तेलात भिजवल्या आणि दांड्याभोवती एकावर एक गुंडाळल्या. त्यावर सायकलच्या फाटक्या ट्यूबची कातडी ताणून ताणून आवळली. वरून जाळ्याच्या नायलॉन सुताचे वेढे दिले, गाठी मारल्या. वेढे इतके सारखे बसले की मोजून घ्यावेत. कॅरिअरच्या दोन्ही काठ्या, मागच्या नळ्या, तिरका दांडा, सगळं बांधलं; ट्यूब पुरली नाही ती एक नळी तेवढी उघडी राहिली. नावाच्या जागी तो थांबला. इथं तर आणखी जपायला हवं. त्याने तिथं पट्टी दुहेरी केली.

वैष्णवी म्हणाली, "मामा, ही काय होडी हाय?"

"खाऱ्या पाण्याला होडी न् सायकल कळत नाय."

"नाव झाकलंत."

"झाकलं म्हणून राहील."

वैष्णवीने सुताचा गुंडा त्याच्यापुढे सरकवला. सासऱ्याला इतक्या दिवसांत कामात रंगलेला तिने पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी तेलाला वास सुटला. वैष्णवी दुपारी आली ती हसावं की रडावं अशा तोंडाने. "माझ्यामागनं सहा मांजरं येतात, आत्ये. वरची माणसं विचारतात, मासळी विकतेस की मांजरं?" भागूबाई मान न हलवता हसली, हसताना दुखलं, तशी तिने दाजीला शिव्या घातल्या. दाजीने मनावर घेतलं नाही. नव्या होडीलाही पहिले आठ दिवस वास येतो, मग बसतो.

हफीजाने गुंडाळलेली सायकल दोन-तीन सकाळी नुसती पाहिली, आणि गणपतीला आठवडा उरला असताना विचारलं. दाजी रस्त्यात उभा राहून चाकात हवा भरत होता.

"एवढं काय गुंडाळलंस रे, दाजी?" तिने पडवीतूनच विचारलं. तिची नजर तिरक्या दांड्यावर होती.

दाजीला वाटलं, हिला आतला चरा दिसला की काय. तो घाईघाईने म्हणाला, "लोकांची वस्तू हाय, भाभी. वरच्या गावातनं फिरते. उघडी नको."

हफीजाने दांड्यावरची नजर काढली. मग "बरं" म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सातला वैष्णवीने घंटी वाजवली तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. वैष्णवी घंटी वाजवतच राहिली, आधी एकदा, मग दोनदा. घरात माणूस होतं, चुलीचा धूर दिसत होता. आठवडाभराने तिने घंटी वाजवायची सोडून दिली.

गौरी आल्या तेव्हा भागूबाईने भोपळ्याचे घारगे करून डबाभर हफीजाकडे पाठवले. दर वर्षी त्या डब्यातून खजूर यायचे, अयूबने पाठवलेले, बिया काढून आत बदाम घातलेले. दोन दिवसांनी डबा आला. घासून लख्ख केलेला, पुसलेला. भागूबाईने झाकण काढलं आणि ती आत बघत राहिली. मग डबा उपडा करून हातावर आपटला, जणू तळाला काही चिकटलं असेल.

"रिकामा दिलान," ती म्हणाली. "माझ्या लग्नापासून त्या घरातनं रिकामं भांडं आलं नाय. काय केलंत तुम्ही तिला?"

"मी काय करायचंय?" दाजी म्हणाला. पण त्याची नजर सायकलकडे गेली. चराच. बाईने चरा बघितला. पोरीची सायकल विश्वासाने दिली आणि आपण तीन दिवसांत तिला चरा पाडला. समोर जाऊन बोलावं तर तोंड कुठलं घेऊन जायचं? तेव्हा त्याने आपल्याला येतं ते केलं. आणखी एक ट्यूब मिळवली आणि गुंडाळलेल्यावर पुन्हा गुंडाळलं. नावावर आता चार पदर झाले. सायकल सुजल्यासारखी दिसू लागली. रोज क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी गळायचं, वेढ्यांच्या फटींतून आत जायचं, आणि दाजी वरून फडका मारून समाधान मानायचा. हफीजाच्या घरावरून जाताना तो हल्ली पलीकडच्या बाजूने, खाली बघत चालत असे. आणि ती पडवीतून बघायची, की हा माणूस आता माझ्याकडे बघतही नाही.

असा दीड महिना गेला. दसरा झाला, ऊन चटचट लागायला लागलं. एक दिवस विहिरीवर हफीजा भागूबाईला म्हणाली, "सायकल पाठवून दे. दिवाळीत झरीन येणार, पोरीला लागेल तिच्या."

भागूबाईने घागर खाली ठेवली. "पोर केवढी तुझ्या झरीनची?"

"दोन वर्षांची."

दोघींना कळलं काय बोललं गेलं ते. हफीजाचा चेहरा उतरला, पण तिने शब्द मागे घेतला नाही. भागूबाई घरी आली, घागर आपटली, आणि दुखऱ्या मानेने सबंध अंग दाजीकडे वळवून म्हणाली, "उद्या सायकल परत. वैष्णवीची फेरी बंद. मी पुन्हा पाटी घेते डोकीवर. मोडूदे मान."

वैष्णवी भात वाढत होती. तिचा हात थांबला. दीड महिन्यात तिने वरच्या गावात पंधरा-वीस घरची गिऱ्हाइकं बांधली होती. ती जेवली नाही.

दाजीने जेवण सोडून सुरी घेतली. परत द्यायची तर होती तशी, नवीकोरी द्यायची. हफीजाने बघावं, दाजीने कशी जपली ते. निदान तेवढं तरी तिला दिसूदे. त्याने सायकल उपडी केली, सुताच्या गाठी कापल्या आणि ट्यूब सोलायला सुरुवात केली.

ट्यूबबरोबर रंगही आला.

आधी त्याला वाटलं, तेलाची खरड आहे. त्याने नखाने खरवडलं. लुंगीच्या पट्टीला मोरपंखी रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता आणि खाली लोखंड तांबडं, ओलं, कुजकं दिसत होतं. बोट फिरवलं तर बोटाला गंजाचा चिखल लागला. पट्टी पिळली तर तिच्यातून खारं पाणी टपकलं. त्याने दुसरी नळी सोडवली. तेच. कॅरिअरच्या काठ्या, तेच. ज्या एका नळीला ट्यूब पुरली नव्हती, ती वैष्णवी रोज फडक्याने पुसत होती. तिच्यावर पाच-सहा चरे आणि नेलपॉलिशचे ठिपके होते, बाकी रंग तसाच लखलखत होता.

नाव त्याने शेवटी उघडलं. चार पदर. चौथा पदर निघाला तेव्हा 'झ'चा खालचा गोल आणि 'न'चा उभा दांडा तेवढा राहिला होता. मधलं सगळं पट्टीवर उलटं उमटलं होतं.

दाजी जमिनीवर बसला. तेलात भिजलेला कापूस पाणी धरून ठेवतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने चाळीस वर्षं त्याच्यावर पोट भरलं होतं. लाकूड ते पाणी पिऊन फुगतं आणि फट मिटते. लोखंड बिचारं काय करणार? दीड महिना आपण त्याला ओलं फडकं बांधून ठेवलं आणि वरून ट्यूब आवळली, वारासुद्धा लागू नये म्हणून. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की सुनेसमोर डोळे पुसायचंही सुचलं नाही.

भागूबाई जवळ आली. रागावलेली होती, पण आता आवाज खाली आला होता. "रंगाचा डबा काढा न् रंग द्या. तुमच्याच हातचा होता, पुन्हा तुमच्याच हातचा होईल. तिला काय कळतंय?"

दाजीने डबा उघडलाही. पांढरा रंग होता. निळा आणता आला असता. पण रंग सुकायला दोन दिवस, आणि दोन दिवस आणखी रस्त्याच्या पलीकडून खाली बघत जायचं. त्याच्याने आता ते होण्यासारखं नव्हतं. त्याने डबा बंद केला, सायकल उभी केली आणि तशीच ढकलत हफीजाच्या पडवीशी नेली. वैष्णवी मागोमाग गेली.

हफीजा तांदूळ निवडत होती. तिने सायकल पाहिली. गंज पाहिला, सोललेल्या नळ्या पाहिल्या. पण तिची नजर फिरून तिरक्या दांड्यावर येऊन थांबली.

"माझी चूक झाली, भाभी," दाजी म्हणाला. "मी जपायला गेलो. आतून सडली. तू म्हणशील तशी करून देतो, नवी घेऊन देतो, निहारला सांगतो. चरा पडला होता तोही मी झाकला. तू बघितलास, मला कळलं होतं. तोंड नव्हतं बोलायला."

"कसला चरा?"

"मागचा. गडग्याचा. त्याच्यावरनंच तू रागावलीस ना?"

हफीजाने सूप बाजूला ठेवलं. "दाजी, तुला काय वाटतं, चऱ्यासाठी मी भागूचा डबा रिकामा पाठवीन? तू नाव झाकलंस."

"जपायला झाकलं."

"कुणापासून? तूच म्हणालास. लोकांची वस्तू हाय, वरच्या गावातनं फिरते, उघडी नको." तिने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले, दीड महिना रोज म्हटल्यासारखे. "मी लोक कधी झाले रे? मला वाटलं, वर आमचं नाव नडलं असेल. दिवस तसेच आलेत. धंदा हाय, पोरीनं चार घरं धरायचीत, मला कळतं ते. पण मला येऊन सांगायचं होतंस. मीच म्हटलं असतं, खरवडून टाक. तू न सांगता झाकलंस, न् मग माझ्या दारावरनं तोंड फिरवून जायला लागलास."

दाजी होता तिथेच पायरीवर बसला. लोकांची वस्तू, म्हणजे परक्याची वस्तू, म्हणजे आपल्या वस्तूपेक्षा जास्त जपायची, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याचे आईबाप असंच बोलत आले होते. उधार आणलेल्या कोयत्यालाही ते असंच म्हणायचे. त्या एका शब्दाने या बाईला घरातून उचलून रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"आईची शपथ, भाभी. माझ्या मनात आलं नाय. माझ्या हातचं एवढंच नाव उरलंय बंदरात. ते जावं असं मला वाटेल काय?"

हफीजा त्याच्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवावा असं तिला वाटत होतं, ते दिसत होतं. पण दीड महिना जे मनात धरलं ते एका वाक्याने सुटत नाही.

तेव्हा वैष्णवी बोलली. "चाची, वरच्या गावात मला कुणी वैष्णवी म्हणत नाय."

"मग काय म्हणतात?"

"झरीन." वैष्णवीला बोलताना संकोच वाटत होता. "पहिल्याच दिवशी सावित्रीकाकूंनी दांड्यावरचं वाचलंन, न् हाक मारलीन. मी सांगणार होते, पण गिऱ्हाईक होतं, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी तेच म्हणाया लागली. मग कुठं सांगत बसू? मामांनी नाव झाकलं तरी म्हणतात. घरी बोलले नाय, आत्ये ओरडेल म्हणून."

हफीजाने हात पुढे करून दांड्यावरच्या उरलेल्या गोलाला बोट लावलं.

"एक घर सुटलं," वैष्णवी म्हणाली. "तिथल्या बाईनं नाव वाचलंन न् मासळी परत टाकलीन. तिथं मी बोलायला हवं होतं. नाय बोलले. गप्प निघून आले. त्याच्यानंतर मामांनी नाव झाकलं, तेव्हा खरं सांगते, मला थोडं बरंच वाटलं होतं. म्हणून मीपण तुम्हाला काय बोलले नाय."

दाजीने सुनेकडे पाहिलं. हे त्यालाही नवीन होतं. एवढं बोलायला धाडस लागतं, हे त्याला कळलं, आणि आपल्याला चऱ्याचंसुद्धा जमलं नव्हतं, हेही कळलं.

 हफीजाने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "बाकीच्या घरांतनं हाक मारतात? रोज?"

"रोज. सावित्रीकाकू तर फाट्यावरनंच."

"कशी मारतात?"

"अशीच. झरीन, काय आणलंस गो?"

"अशी हळू?"

"नाय, मोठ्यानं."

"मग मोठ्यानं मार ना."

वैष्णवीने दाजीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. पदर खोचला आणि सावित्रीकाकूंसारखी, गळा ताणून हाक मारली. "झरीन, काय आणलंस गो!"

त्या पडवीत चार वर्षांत कुणी त्या नावाने अशी हाक मारली नव्हती. फोनवर मुलीशी बोलता येतं, पण हाक मारता येत नाही. हाक मारायला माणूस पलीकडच्या खोलीत नाहीतर रस्त्यात असावं लागतं. हफीजा तोंडावर ओढणी धरून रडली, लपवलं नाही. मग उठली आणि चहा टाकायला आत गेली, आणि आतून म्हणाली, "दाजी, निळा रंग घेऊन ये. पण मी समोर बसणार."

तीन दिवस लागले. दाजीने पॉलिशपेपरने गंज घासला, बोटांची टोकं सोलून निघाली. पुन्हा गंज धरू नये म्हणून आधी तांबडा रंग दिला, सुकू दिला, मग मोरपंखी. सगळं हफीजाच्या पडवीत, उघड्यावर, वाऱ्यावर. वैष्णवीने येऊन सांगितलं की आता गुंडाळायचं काही नाही. गडग्याला टेकवायची नाही, क्रेटखाली रबराचा तुकडा घालायचा, दुपारी गोड्या पाण्याने पुसून कोरडी करायची, आणि टवका उडाला की त्याच दिवशी ठिपका. दाजीने ऐकून घेतलं. मधे एकदा तोंड उघडलं, पण मिटलं.

शेवटी तो नाव लिहायला बसला. हफीजा उकिडवी बसून बघत होती, मुलगी बसली होती तशीच. "होडीसारखं लिही हा," ती म्हणाली. 'झ' चांगला आला, गोल तसाच नांगरासारखा. 'न' जरा जाड झाला. दाजीला पुसून पुन्हा करायचा होता. हफीजाने करू दिला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सातला घंटी वाजली. दाजी आपल्या पडवीत जाळं घेऊन बसला होता. मांडीवर भागूबाईचा डबा, झाकण लागत नव्हतं इतका खजुराने भरलेला, तो नुकताच आला होता. समोर हफीजा चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"झरीन, काय आणलंस गो?"

वैष्णवीने ब्रेक दाबला. सायकल थांबली, मागचं क्रेट हललं आणि रबरी पट्ट्याचा हूक निसटून सपकन पुढे आला. कालच सुकलेल्या रंगावर तो करकरत गेला. 'झ'च्या बाजूलाच पांढरी रेघ उमटली. दाजीने ती लांबूनही पाहिली. त्याचा हात आपोआप जाळ्याच्या सुताकडे गेला.

"भाभी, चरा पडला," तो ओरडला.

"पडला तर पडला. तू आपलं जाळं विण."

वैष्णवीने ढोमे दाखवले. हफीजाने हातात घेऊन बघितले, दोन लहान म्हणून परत टाकले, बाकीचे ठेवून घेतले. हूक पुन्हा अडकवून वैष्णवी निघाली. चढावापाशी उतरली, सायकल ढकलू लागली. ऊन त्या बाजूने होतं. पुढचं वळण येईपर्यंत दाजीला नाव वाचता येत होतं.